फोन मशीनला लाव

धाकलीचे केस कानशिलाजवळ पांढरे झाले होते, उठता-बसता गुडघे कुरकुरायला लागले होते, तिची मुलगी लग्न होऊन सासरी नांदत होती, तरी सगळं गाव तिला धाकलीच म्हणायचं. याला कारण एकच होतं. थोरल्या अजून होत्या.

थोरल्या म्हणजे तिच्या सासूबाई. दोघी फ्रिज दुरुस्त करायच्या. घरातले फ्रिज, दुकानातली काचेची कपाटं, पाणी गार करायच्या टाक्या, थोडक्यात जे जे म्हणून गार करायचं सोडून रुसून बसलं असेल ते ते. घराच्या खालच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. दुकानाला पाटीही होती, पण तिच्यावरची अक्षरं केव्हाच उडून गेली होती आणि ती परत रंगवावी असं कुणाला वाटलं नव्हतं, कारण गिऱ्हाइकं काही पाटी वाचून येत नव्हती. दारातूनच विचारायची, “थोरल्या बाई आहेत का?” आणि त्या नसल्या तर म्हणायची, “बरं, मग धाकल्या चालतील.” हे ‘चालतील’ धाकली लग्न झाल्यापासून ऐकत आली होती.

थोरल्यांना हा धंदा कुणी शिकवला नव्हता. तरुणपणी घरचा फ्रिज बिघडला, मिस्त्री ‘आज येतो, उद्या येतो’ करत राहिला, तेव्हा चिडून त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि फ्रिज उघडला. पहिल्यांदा त्यांनी तो होता त्याहून जास्त बिघडवला. मग दुरुस्त केला. मग शेजारणीचा केला. मग शेजारणीच्या जावेचा. त्या मिस्त्रीनं पुढे धंदा बदलला, आणि थोरल्या रस्त्यात दिसल्या की तो जन्मभर पलीकडच्या कडेनं जात राहिला.

धाकली लग्न होऊन आली तेव्हा पाहुणे अजून घरातून हलले नव्हते, तोच थोरल्यांनी तिच्या हातात बॅटरी दिली आणि म्हणाल्या, “धर.” धाकलीनं कैक वर्षं बॅटरी धरली. मग पाना धरला. मग थोरल्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले, जिने चढवेनात, मशीनमागं वाकवेना, आणि काम धाकलीकडे आलं. निकाल देण्याचा अधिकार मात्र थोरल्यांनी स्वतःकडेच ठेवला. त्यासाठी त्यांनी फोनची पद्धत काढली.

पद्धत अशी. धाकलीनं कामावर पोचायचं, मशीन उघडायचं, सगळं तपासायचं आणि घरी फोन लावायचा. काय काय पाहिलं ते पहिल्यापासून सांगायचं. सांगून झालं की थोरल्या म्हणायच्या, “आता मशीनला लाव.” मग फोन कॉम्प्रेसरपाशी धरायचा. तिकडे थोरल्या डोळे मिटून ऐकायच्या. धाकलीचा नवरा पोस्टातून निवृत्त होऊन घरचा स्वयंपाक बघायचा, त्यानं त्यांना तसं ऐकताना अनेकदा पाहिलं होतं. मग निकाल यायचा. “पंख्याचं बेअरिंग बघ.” नाहीतर, “दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात बघ.” आणि वैताग असा की निकाल बहुतेक वेळा बरोबर निघायचा. गिऱ्हाईक थक्क व्हायचं. “घरबसल्या कळतं हो बाईंना,” असं म्हणायचं, आणि ज्या बाईनं पोटावर झोपून मशीनखालची धूळ खाल्ली होती ती बाई पाना घेऊन शेजारीच उभी असायची.

धाकलीला राग यायचा का? यायचा ना. ती तो गिळायची, आणि गिळलेला राग पोटात कसा राहतो हे तिला तिच्या पित्तावरून नीट ठाऊक होतं.

तर एकदा गावाबाहेरच्या शीतगृहातून बोलावणं आलं. तिथल्या विश्रांतीच्या खोलीत नाणं टाकून थंड पेयाचा डबा घ्यायचं एक जुनं मशीन होतं, आणि त्यातून कोमट डबे पडत होते. धाकली स्कूटरवरून गेली. फाटकावरच्या वॉचमननं नाव विचारलं, आत फोन केला, “बाई आल्या आहेत, मशीनवाल्या,” आणि मग तिला सोडलं.

शीतगृहाच्या मोठ्या खोल्यांत मासे आणि मटार दगडासारखे गोठून पडलेले. तिथं खोकी उचलणारी माणसं जाड कोट, टोप्या आणि लोकरीचे हातमोजे घालून आत जायची, आणि ठरलेल्या वेळानं भोंगा झाला की कुडकुडत विश्रांतीच्या खोलीत यायची. धाकली पोचली तेव्हा खोली चकचकीत होती. लादी पुसलेली, बाकं रांगेत, आणि मशीनसुद्धा कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून ठेवलेलं. इतक्या निगुतीनं ठेवलेलं मशीन तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

“याला डबा कोण घेतं हो?” तिनं सुपरवायझरला विचारलं. “इथली माणसं तर आधीच गारठलेली.”

“ट्रकवाले घेतात. ऑफिसातले घेतात,” सुपरवायझर म्हणाला. हा गृहस्थ दिवसभर ऑफिसात बसायचा, तरी गळ्याला मफलर गुंडाळून असायचा. “म्हणजे घ्यायचे. आता कोमट डबा कोण घेईल? मी तर म्हणतो काढून टाकावं. शनिवारी भंगारवाला येणारच आहे.”

धाकलीनं खालचा पत्रा काढला. आतली जाळी, म्हणजे मशीनच्या पोटातली उष्णता जिथून बाहेर पडते ती, मऊ तंतूंनी गच्च बुजली होती. ब्रशनं आणि ब्लोअरनं तिनं ती लख्ख केली. मागच्या बाजूनं गरम हवा जोरात येऊ लागली. दाराच्या रबरात कागद धरून ओढून पाहिला, कागद सुटला नाही. दुपारी तिनं स्वतः नाणं टाकलं, डबा घेतला, गालाला लावला. गार होता. ती खुशीत घरी आली.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरचा फोन. डबे कोमट, आणि कालच्याहून जास्त कोमट.

ती पुन्हा गेली. वॉचमननं पुन्हा आत वर्दी दिली. खोली पुन्हा चकचकीत. मशीन गप्प बसलं होतं. तिनं कॉम्प्रेसरला हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. ती बघत असतानाच मशीन ‘टक्क’ करून सुरू झालं आणि शहाण्या मुलासारखं चालू लागलं.

“हे असंच,” सुपरवायझर म्हणाला. “तुम्ही आलात की चालतं. तुमची पाठ वळली की बंद.”

तिनं पुन्हा सगळं खालपासून वरपर्यंत तपासलं आणि घरी फोन लावला. हातात बॅटरी आणि पाना दोन्ही, म्हणून फोन स्पीकरवर टाकून मशीनवर ठेवला. तिनं सांगितलं, जाळी साफ आहे. पंखा बरोबर फिरतोय. रबर धड आहे. थर्मोस्टॅट वेळेवर जोडतो आणि तोडतो. आतल्या नळीवर बर्फ साचलेला नाही, गॅस पुरेसा आहे. कॉम्प्रेसर तापून त्याचं वीज तोडणारं ओव्हरलोड पडतं, म्हणून मशीन बंद होतं, आणि निवलं की परत लागतं. तो का तापतो एवढंच कळायचं राहिलंय.

“मशीनला लाव,” थोरल्या म्हणाल्या.

तिनं लावला. पलीकडे बराच वेळ शांतता.

“कॉम्प्रेसर गेला,” स्पीकरमधून थोरल्यांचा आवाज आला. “म्हातारा झालाय. मेलं ते मशीन. त्यात हात घालू नकोस. त्यांना सांग, टाकून द्या.”

सुपरवायझरनं मान डोलावली. त्याला हवं होतं ते मिळालं होतं. आणि तेवढ्यात धाकलीच्या तोंडून निघून गेलं, “नाही मेलं.”

धाकलीचं तिलाच नवल वाटलं. सासूबाईंना ती ‘नाही’ म्हणाली होती, आणि तेही गिऱ्हाइकासमोर.

“काय म्हणालीस?” थोरल्यांनी विचारलं.

“कॉम्प्रेसर चांगला आहे, आई. आवाज गोल आहे त्याचा. त्याला काहीतरी त्रास देतंय. मी शोधून काढते.”

“मी सांगतेय मेलं म्हणून.”

“आणि मी सांगतेय नाही म्हणून.”

सुपरवायझर हातातली किल्ली फिरवायची थांबला. असं नाटक त्याला फुकटात कधी बघायला मिळालं नव्हतं.

“ठीक आहे,” थोरल्या म्हणाल्या. “शनिवारपर्यंत चालवून दाखव. दाखवलंस तर यापुढे तुझ्या कामात मी तोंड घालणार नाही, फोनच उचलणार नाही. आणि नाही जमलं तर मी म्हणेन ते मुकाट्यानं ऐकायचं, उलट शब्द नाही. साहेब, ऐकलंत ना?”

“ऐकलं, बाई,” सुपरवायझर मशीनकडे बघून अदबीनं म्हणाला.

हरली तर धाकली मरेपर्यंत ‘चालतील’च राहणार होती, आणि यावेळी तिच्याच शब्दानं.

ती हत्यारं आवरत होती तेव्हा एक अवाढव्य माणूस दबकत जवळ आला. खोकी उचलणाऱ्यांचा तो म्होरक्या, त्याला सगळे पैलवान म्हणायचे. आवाज मात्र एवढासा.

“बाई,” तो म्हणाला, “याला जाऊ देऊ नका हो. फार चांगलं मशीन आहे. आमचा जीव आहे त्याच्यावर.” आणि त्यानं तिचा हात आपल्या दोन्ही पंजांत धरला. धाकलीला बरं वाटलं. तेवढ्यात आतून कुणीतरी हाक मारली आणि तो निघून गेला.

त्या संध्याकाळी घरात सासू-सुनेचं बोलणं बंद होतं. म्हणजे दोघी बोलत होत्या, पण नवऱ्यामार्फत.

“तुझ्या बायकोला सांग, मीठ दे.”

“अगं, मीठ दे आईला.”

“आईंना सांगा, मीठ त्यांच्या कोपरापाशीच आहे.”

नवऱ्यानं मुकाट्यानं मीठ उचलून आईच्या हातात ठेवलं. पोस्टात सबंध नोकरी त्यानं एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवण्यातच काढली होती, त्यामुळे त्याला हे काम जड गेलं नाही. कोणाची बाजू घ्यायची नाही, हा त्याच्या सुखी संसाराचा पाया होता.

जेवण झाल्यावर धाकलीचं डोकं दुखायला लागलं. नवऱ्यानं फ्रीझरमधून बर्फाचा ट्रे काढला, बर्फ फडक्यात बांधला आणि तिच्या कपाळावर ठेवताना त्याची बोटं तिच्या गालाला लागली.

“अयाई गं. किती गार हात तुमचे.”

“बर्फ काढला ना आत्ता.”

धाकली ताडकन उठून बसली. बर्फाचा एक ट्रे काढून याची बोटं अशी होतात. मग तो पैलवान, जो सबंध दिवस गोठलेल्या खोल्यांत खोकी उचलतो, त्याचे हात आज उबदार कसे होते? भाजलेल्या शेंगा धरून आल्यासारखे होते ते. आणि मग तिला आणखी एक गोष्ट आठवली. मशीनच्या मागं वाकलं की एक वास यायचा, ओल्या लोकरीचा. आणि जाळीत अडकलेले ते मऊ तंतू. धूळ नव्हतीच ती.

“काय झालं?” नवऱ्यानं विचारलं.

“आईंना सांगा,” धाकली म्हणाली, “काही नाही झालं म्हणून.”

शुक्रवारी ती स्कूटरवरून गेली नाही. फाटकावरून वर्दी गेली की सगळा पुरावा पुसला जातो, एवढं तिच्या लक्षात आलं होतं. ती नाक्यावर उभी राहिली, मासे घेऊन येणाऱ्या ट्रकला हात केला, ड्रायव्हरशेजारी बसली आणि थेट माल उतरवायच्या फलाटावर जाऊन उतरली. अंगाला माशाचा वास लागला, पण वॉचमनच्या नजरेला ती पडली नाही.

भोंगा झाला. ती विश्रांतीच्या खोलीच्या आतल्या दारात, कोटांच्या रांगेआड उभी राहिली.

माणसं आली. एकानं मशीनचा एक कोपरा धरला, पैलवाननं दुसरा, आणि दोघांनी ते भिंतीपासून हलकेच पुढे ओढलं. मग सगळ्यांनी ओले हातमोजे काढले आणि मशीनच्या पाठीवर, जिथून गरम हवा येते त्या झरोक्यांवर, एकाला एक लावून नीट अडकवले. त्यावर एक जुनी गोधडी टाकली. मग बाक ओढून, ज्याला जास्त थंडी वाजत होती त्याला आधी, असं आळीपाळीनं ते गोधडीला पाठ लावून बसले. कुणी डोळे मिटले. पैलवाननं तर कान मशीनच्या पत्र्याला टेकवला आणि सुस्कारा सोडला. ढकलाढकली नाही, आवाज नाही. धाकलीला वाटलं, आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलो आहोत.

आतला पंखा घुसमटायला लागला. कॉम्प्रेसरचा सूर चढला, आणखी चढला, आणि ‘टक्क’. मशीन गप्प.

“झोपलं,” पैलवान म्हणाला. “चला, उठा. सुट्टी संपली.”

सगळे मुकाट उठले. गोधडीची घडी झाली, मोजे हातात गेले, मशीन परत भिंतीला लागलं, आणि एकानं लादीवरून फडकंसुद्धा फिरवलं. घड्याळ कुणी पाहिलं नाही. मशीन झोपलं की कामाला लागायचं, हीच तिथली रीत होती.

धाकली कोटांमधून बाहेर आली. पैलवान दचकला, पण लगेच त्यानं बाक पुढं केलं.

“बसा ना, बाई. वर्दी नाही दिली वॉचमननं? आम्ही खोली आवरून ठेवली असती.”

“म्हणूनच नाही देऊ दिली,” धाकली म्हणाली. “तुम्ही दर वेळी आवरता?”

“पाहुणं माणूस येणार म्हटल्यावर आवरायला नको?”

तिला हसावं की रडावं कळेना. आदरातिथ्यापायी या माणसांनी तिला दोनदा हात हलवत परत पाठवलं होतं.

तिनं त्यांना समजावून सांगितलं. मशीन आतली उष्णता मागून बाहेर टाकतं. ती वाट बुजवली की उष्णता कॉम्प्रेसरवरच उलटते, तो तापतो आणि जीव वाचवायला बंद पडतो. बंद पडला की डबे कोमट. पैलवानचं तोंड उतरत गेलं.

“म्हणजे ते झोपत नव्हतं?”

“बेशुद्ध पडत होतं.”

“आम्हाला वाटायचं, दमतं,” तो हळूच म्हणाला. “तुम्ही साफ केल्यापासून ऊब इतकी छान यायला लागली, की पलीकडच्या पाळीतले लोकही मोजे घेऊन यायला लागले.” मग त्यानं मशीनवर हात ठेवला. “आम्हीच त्याचा गळा दाबत होतो म्हणा की.”

धाकली मशीनची वकील म्हणून आली होती, पण या माणसांचे पांढरे पडलेले ओठ बघून तिला त्यांचाही राग येईना. खोलीत हीटर का नाही, हे तिनं विचारलं. भिंतींच्या पोटात लगेच पेट घेणारा फोम आहे, म्हणून हीटरला सक्त मनाई होती. म्हणजे एवढ्या मोठ्या इमारतीत गरम अशी वस्तू एकच, ती म्हणजे डबे गार करायचं मशीन. मोजे काढून टाकायला सांगितले तर ही माणसं ऐकतील, निमूटपणे गारठतील, आणि हे तिला काही केल्या पटेना.

“अंगणात तो जुना पत्रा पडलाय,” ती म्हणाली, “तो कुणाचा आहे?”

पत्रा कुणाचाच नव्हता. मग उरलेला सगळा दिवस ती, तिची कात्री, हातोडी आणि पैलवानचे दोन दंड यांनी मिळून मशीनच्या पाठीला एक रुंद पत्र्याचं धुराडं बसवलं. झरोक्यांतून येणारी हवा आता अडखळल्याशिवाय वर चढायची आणि छातीच्या उंचीवर, मोठ्या जाळीतून, खोलीत यायची. समोर हातभर अंतरावर एक दांडी ठोकली. मोजे दांडीवर, माणसं बाकावर, आणि मशीनचा श्वास मोकळा. मशीन परत मागं सरकू नये म्हणून भिंतीला दोन लाकडी ठोकळेही मारले. या सगळ्यात तिनं घरी एकही फोन केला नाही. हात दोनदा खिशाकडे गेला, तो तिनं परत आणला.

शनिवारी सुपरवायझर आला, मागोमाग भंगारवाला. सकाळपासून दोन सुट्ट्या होऊन गेल्या होत्या आणि मशीन एकदाही बंद पडलं नव्हतं. सुपरवायझरनं नाणं टाकलं. डबा खणकन पडला. त्यानं तो हातात घेतला आणि लगेच दुसऱ्या हातात घेतला, कारण पहिला गारठला.

“हं,” तो म्हणाला. मग त्याची नजर धुराड्यावर गेली. “आणि हे काय?”

“त्याचं नाक.”

“नियमात बसतं का हे?”

“हीटर चालत नाही असा नियम आहे,” धाकली म्हणाली. “मशीनला नाक नसावं असा कुठे आहे?”

सुपरवायझरनं विचार केला. विचार करता करता त्याचे हात आपोआप त्या जाळीसमोर गेले. थोड्या वेळानं त्यानं मफलर सैल केला. भंगारवाल्याला त्यानं परत पाठवलं, आणि त्या बिचाऱ्यानं रिकाम्या हातानं कशाला जा म्हणून एक गार डबा विकत घेतला.

धाकली घरी आली ती स्कूटर न थांबवता थेट अंगणात घुसवून. थोरल्या खुर्चीत बसल्या होत्या.

“आईंना सांगा,” ती नवऱ्याला म्हणाली, “चाललं.”

“चाललं म्हणते,” नवरा म्हणाला.

“ऐकलं मी,” थोरल्या म्हणाल्या. “बरं झालं.” आणि त्यांनी आपला फोन उचलून फळीवर, बिघडलेल्या थर्मोस्टॅटच्या डब्याशेजारी, ठेवून दिला.

थोरल्या शब्दाला पक्क्या. पुढच्या आठवड्यात धाकली फुलवाल्याकडे गेली. त्याच्या काचेच्या कपाटात फुलं माना टाकत होती. तिनं सगळं तपासलं, दोष काही सापडेना, आणि सवयीनं हातानं थोरल्यांचा नंबर लावला. फोन वाजत राहिला. कुणी उचलेना. आता कानाला लावलाच आहे तर, म्हणून ती त्या वाजणाऱ्या फोनलाच सांगायला लागली. जाळी साफ आहे. पंखा ठीक आहे. गॅस आहे. थर्मोस्टॅट... थर्मोस्टॅट बहुतेक...

ती थांबली. पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा तिथंच जीभ अडली. तिनं थर्मोस्टॅट उघडला. त्याची गारवा ओळखणारी बारीक नळी जागेवरून निसटून लोंबत होती. ती तिनं नजरेनं पाहिली होती, पण नीट पाहिली नव्हती, आणि हे तिच्या जिभेला तिच्याआधी कळलं होतं.

ती घरी आली ती सरळ थोरल्यांच्या खुर्चीपाशी.

“आई, खरं सांगा. तुम्हाला फोनमधून मशीनचा आवाज ऐकू यायचा?”

“छे गं,” थोरल्या म्हणाल्या. “नुसती खरखर. त्यातून काय डोंबल कळणार?”

“मग सांगायचात कसं?”

“तुझा आवाज ऐकायचे. तू पहिल्यापासून सांगायचीस ना सगळं? जिथं तुझं मन साशंक, तिथं तू अडखळायचीस. दोष तिथंच असायचा. ‘मशीनला लाव’ म्हणायचे ते जरा विचार करायला वेळ मिळावा म्हणून. आणि गिऱ्हाइकाला बरं वाटतं.”

धाकली खाली पायरीवर बसली. इतकी वर्षं जो निकाल ऐकून तिचं पित्त खवळत होतं, तो तिचाच होता तर.

“मग त्या डब्यांच्या मशीनला कॉम्प्रेसर गेला का म्हणालात?”

थोरल्या बोटानं खुर्चीच्या हातावरचा रंग खरवडत राहिल्या.

“त्या दिवशी तू कुठंच अडखळली नाहीस,” त्या म्हणाल्या. “अगदी शेवटपर्यंत. मी वाट बघत होते. मग कळलं की आता माझ्याकडे सांगायला काही उरलं नाही. पण फोन कानाला होता, गिऱ्हाईक ऐकत होतं. काहीतरी म्हणायला हवं होतं गं.”

धाकलीला इतके दिवस हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि समोर खुर्चीत एक म्हातारी बाई रंग खरवडत बसली होती, जिचा फोन आठवडाभर वाजला नव्हता. आज वाजला तेव्हाही ती नुसती बघत बसली असणार. आतून नवऱ्यानं ‘जेवायला बसा’ म्हणून हाक मारली. धाकलीनं थोरल्यांना हाताला धरून उठवलं, आणि ताटावर बसल्यावर मीठ सरळ त्यांच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एका दवाखान्यातल्या फ्रिजसमोर बसली होती. दोष थर्मोस्टॅटमध्ये आहे हे तिला पोचल्या पोचल्या कळलं होतं. तिनं प्लग काढून ठेवला, मागचा पत्रा सोडवून मांडीवर घेतला आणि फोन लावला. दवाखान्याची बाई शेजारी उभी होती.

फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला.

“काय काय पाहिलंस?” थोरल्यांनी विचारलं.

धाकलीनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. थर्मोस्टॅटपाशी ती मुद्दाम जराशी अडखळली.

“हं,” थोरल्या म्हणाल्या. “मशीनला लाव.”

मशीन बंदच होतं. धाकलीनं फोन त्याला लावून धरला, आणि थोरल्यांचा विचार होईपर्यंत तसाच धरून ठेवला.